डाव्या बाह्यांच्या उशा

आमच्या कटिंग मास्तरांचा उजवा हात मोडला तो माझ्यामुळे. हे मी आज पहिल्यांदाच लेखी देतो आहे.

एका शिवणकारखान्यात मी कापडाचं गोदाम सांभाळतो. त्या सोमवारी पांढऱ्या कापडाचा एक रोल खांद्यावर घेऊन कटिंगच्या टेबलाकडे निघालो होतो. वाटेत फोन वाजला. रोल बोळकांडीत आडवा ठेवला, एका मिनिटासाठी. पण फोनवर माझा साडू होता, आणि माझ्या साडूचा एका मिनिटात फक्त घसा साफ होतो. तेवढ्यात चष्मा पुसत पुसत मास्तर आले. पुढच्या क्षणी चष्मा एकीकडे, मास्तर दुसरीकडे. सोळा मशिनी एका दमात थांबल्या. "इथे रोल ठेवला कुणी?" असा गलका झाला. त्या गलक्यात सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.

मास्तरांचा हात प्लास्टरमध्ये गेला. वय झालं होतंच. त्यांनी इस्पितळाच्या खाटेवरूनच मालकीणबाईंना सांगून टाकलं, "आता माझ्याच्याने होणार नाही. टेबल डावीला द्या."

हे टेबल म्हणजे काय, ते सांगायला हवं. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरलेलं लांबलचक टेबल. त्यावर कापडाचे साठ थर एकावर एक अंथरायचे, वरच्या थरावर पुठ्ठ्याचे नमुने ठेवून खडूने रेघा मारायच्या आणि उभ्या पात्याचं मशीन त्या रेघांवरून फिरवायचं. एका दमात साठ कोट कापून निघतात. शिवणारीच्या हातून चूक झाली तर एक कोट उसवावा लागतो. कापणाऱ्याच्या हातून झाली तर साठ कोट जातात, आणि कापलेलं कापड काही उसवता येत नाही. म्हणून टेबल ज्याच्या हातात, अख्खा कारखाना त्याच्या शब्दावर. कुणी काय शिवायचं, कधी शिवायचं, सगळं तोच ठरवणार. आणि शुक्रवारी एका नव्या इस्पितळाला तीनशे कोट द्यायचे होते.

आता डावी. ही आमच्याकडची सगळ्यांत जुनी शिवणारी. नव्या मुलींना वाटतं ती डावखुरी असेल. कात्री मागितली की त्या बिचाऱ्या तिच्या डाव्या हाताला आणून ठेवतात. ती उजव्या हाताने उचलते. अकरा वर्षांपूर्वी मास्तर आजारी पडले, तेव्हा एका दिवसासाठी टेबल हिच्याकडे आलं होतं. कापड एका बाजूने चकचकीत होतं, त्यामुळे सगळे थर सुलटी बाजू वर करून अंथरलेले. अशा वेळी बाहीचा पुठ्ठा एकदा सरळ ठेवून आखायचा आणि दुसऱ्यांदा उलटा करून. म्हणजे एक डावी बाही मिळते, एक उजवी. ही पुठ्ठा उलटा करायला विसरली. पात्याखालून एकशेवीस बाह्या निघाल्या. एकूण एक डाव्या.

त्या दिवशी ती खुंटीवरची पिशवी घेऊन जी गेली, ती चार दिवस आलीच नाही. पाचव्या दिवशी आली, खाली मान घालून मशीनवर बसली, आणि आमच्या काजवाली मावशीने तिला "या डावीबाई" म्हणून हाक मारली. मावशी काजं करते, म्हणजे दिवसभर गुंड्यांसाठी भोकं पाडते, आणि उरलेल्या वेळात माणसांना. नाव चिकटलं ते चिकटलंच.

मालकीणबाईंनी तिला काचेच्या खोलीत बोलावलं. मी मुद्दामच दाराशी रेंगाळत होतो.

"नको," डावी म्हणाली. "मला शिवू द्या."

"मास्तर तुझं नाव घेतायत."

"मास्तरांच्या डोक्याला पण लागलंय का?"

मालकीणबाई हसल्या नाहीत. "उद्या सकाळी आठ वाजता टेबलाशी तू उभी दिसलीस तर टेबल तुझं. नाही दिसलीस तर बाहेरचा मास्तर आणते. मग तो कायमचा, आणि तू कायमची मशीनवर. परत विचारणार नाही." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही संध्याकाळी जाऊन या हिच्या घरी. तुम्हाला नाही तरी बोलायला आवडतं."

मी गेलो. खरं सांगायचं तर मला झोप लागली नसती म्हणून गेलो. ती नाही म्हणाली आणि कोट अडले, की लोक परत विचारणार होते, मास्तर पडले कशाने?

सायकलच्या दुकानावर दोन खोल्या. दुकान तिच्या यजमानांचं. जिना चढताना ऑइलचा वास नाकात बसतो, तो वर चहा पिईपर्यंत निघत नाही. आतल्या खोलीत तिच्या सासूबाई खाटेवर बसून मटार सोलत होत्या. डावी खिडकीशी उभी. मी आलेलं पाहून तिने ओळखलं.

"भाऊ, चहा घ्या आणि जा. उगाच समजावू नका."

"मी कुठे काय म्हणालो?"

"तुम्ही जिन्यातच खाकरलात. समजावायला आलेली माणसं जिन्यात खाकरतात."

मी चहाचा कप घेऊन बसलो. ती मात्र थांबेना. "तुम्हाला काय माहीत. पातं कापडात शिरतं ना, तेव्हा आवाज होत नाही. चूक होताना कळतच नाही. सगळं छान चाललंय असं वाटत राहतं, आणि तुकडे उचलायला घेतले की… अकरा वर्षं मी शिवलेली प्रत्येक बाही तीनदा बघते. अजूनही. आता परत ते मशीन हातात घेऊ? बाहेरचा येऊ दे. चुकला तर लोक म्हणतील, बाहेरचा होता. मी चुकले तर म्हणतील, आम्हाला माहीतच होतं."

टेकायला म्हणून मी पाठीमागची उशी ओढली. कडक पांढरी खोळ, लांबुळकी, एका टोकाला निमुळती. दुसरी उशीही तशीच. खाटेवरच्या चारही तशाच. माझी नजर बघून सासूबाई म्हणाल्या, "बाह्या आहेत त्या. हिच्या."

"आई, कशाला?"

"कशाला काय? मालकिणीने टाकून द्यायला काढल्या होत्या. मी जाऊन गाठोडं बांधून आणलं. चांगलं कापड. दोन-दोन जोडून खोळी शिवल्या. घरात, नणंदेकडे, दुकानातल्या स्टुलावर, सगळीकडे त्याच." त्यांनी मटाराची एक शेंग दोन बोटांत फोडली. "अकरा वर्षं तुझ्या चुकीवर डोकं ठेवून झोपतोय आम्ही. अजून कुणाची मान आखडलेली नाही."

माझा चहा गार होत होता. तो संपवून मी निघालो तेव्हा ती तशीच खिडकीशी उभी होती. होकार नाही, नकार नाही. जिना उतरताना मी मनातल्या मनात साडूला बरंच काही बोललो.

सकाळी पावणेआठला मी कारखान्यात. मालकीणबाई काचेच्या खोलीत, फोन समोर ठेवून. आठला पाच कमी होते तेव्हा मशिनींवरच्या सगळ्या बायका हजर होत्या, फक्त एक खुर्ची रिकामी. काजवाली मावशी घड्याळाकडे बघत म्हणाली, "येत नाही ती. मी सांगते." मालकीणबाईंनी फोन उचलला.

दार लोटून डावी आत आली. पिशवी खुंटीला अडकवली. आपल्या खुर्चीकडे गेली नाही. सरळ टेबलाशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "कापड आणा, भाऊ. सुलटी बाजू वर."

आवाज बारीक होता, पण आम्ही सगळ्यांनी ऐकला. मालकीणबाईंनी फोन खाली ठेवला.

दोन तास आम्ही थर अंथरत होतो. प्रत्येक थरावरून ती तळहात फिरवायची. बाहेरून गुळगुळीत, आतून खरखरीत असं कापड होतं. एक जरी थर उलटा गेला असता तरी तिच्या हाताला कळलं असतं. मग पुठ्ठे आले. पाठ, पुढा, कॉलर, खिसे. सगळ्यात शेवटी बाही. तिने पुठ्ठा ठेवला, आखलं. उचलला, उलटा केला, पुन्हा आखलं. आणि थांबली. पुठ्ठा परत उचलून पाहिला. परत ठेवला. तिच्या कपाळावरून घाम खडूच्या रेघेवर पडेल अशी मला भीती वाटली.

"भाऊ, इकडे या. दोन्ही हात टेबलावर ठेवा. या दोन रेघांच्या आत."

मी ठेवले.

"बाहीची पुढची गोलाई जास्त खोल असते. ती अंगठ्याच्या बाजूला यायला हवी. दोन्हीकडे." ती वाकली. एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे. तिचा चेहरा बघता बघता उतरला. "अंगठे बाहेर आहेत. गोलाई आत आहे." मग अगदी हळू, "दोन्ही चुकल्या."

मशिनी थांबल्या होत्या. तेवढ्यात मागून काजवाली मावशी आली, माझ्या हातांकडे पाहिलं आणि ओरडली, "अहो, हात पालथे ठेवा! तळवे वर करून काय बसलात? काय वाढू तुम्हाला?"

मी हात पालथे केले. अंगठे आत आले. खोल गोलाई डाव्या अंगठ्याशी, खोल गोलाई उजव्या अंगठ्याशी. डावीने श्वास सोडला, तो शेवटच्या मशीनपर्यंत ऐकू गेला असावा. मग तिने कापायचं मशीन ओढलं, बटण दाबलं, आणि पातं साठ थरांत शिरलं. ती म्हणाली होती तसंच. आवाज मोटरचा होता, कापडाचा नाही.

पाऊण तास पातं फिरत राहिलं. बाह्या निघाल्या. तिने वरची जोडी उचलून उजेडात धरली. एक डावी, एक उजवी. मधली जोडी काढली, खालची काढली. कुणीतरी टाळी वाजवायला हात उचलले.

"थांबा," काजवाली मावशी म्हणाली. तिच्या हातात खिसा होता. कोटाच्या पुढ्यावर खिशाची जागा खडूने दाखवलेली असते, त्यावर ठेवून पाहत होती. "हा बरोबर त्याच मापाचा आहे. कडा दुमडायच्या कशा? माया कुठंय?"

शिवणीत दुमडायला म्हणून कडेने जे जास्तीचं कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात. मास्तरांचे बाकीचे सगळे पुठ्ठे मायेसकट कापलेले होते. खिशाचा तेवढा नेमक्या मापाचा. माया मास्तर खडू बाहेरून फिरवून द्यायचे, सवयीने. हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. पण कापलेलं तर डावीने होतं. एकशेवीस खिसे, आणि त्यातला एकही लागणार नाही.

काचेच्या खोलीचं दार उघडलं. मालकीणबाई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. डावीच्या हातातला खडू खाली पडला, तो तिने उचलला नाही. ती वळली आणि सरळ खुंटीकडे चालू लागली. खुंटीला तिची पिशवी. मला अकरा वर्षांपूर्वीची तीच पाठ दिसली, तीच चाल. मावशीसुद्धा पुटपुटली, "अगं…"

डावीने पिशवीत हात घातला. चष्म्याची डबी काढली. चष्मा लावला, पिशवी तिथेच राहू दिली आणि परत आली.

"खिसे माझ्या हातून चुकले," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "पुठ्ठा तपासायला हवा होता, नाही तपासला. हे खिसे लहान करून पेनाच्या खिशांना घ्या, तेवढं माप निघतं. मोठे खिसे मी परत कापते. बाकी सगळं बरोबर आहे. शिवायला घ्या." मग लाल खडू घेऊन खिशाच्या पुठ्ठ्यावर ठळक लिहिलं: माया द्या.

मालकीणबाई आत गेल्या. दार लागलं. सोळातल्या पंधरा मशिनी सुरू झाल्या.

मावशीला मात्र राहवेना. "आता तुला काय म्हणायचं गं? डावी की खिसेवाली?"

"दोन्ही म्हण. पण आधी काजं सुरू कर. संध्याकाळपर्यंत साठ कोट हवेत मला."

मावशी निमूट काजांकडे गेली. तिला असं जाताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"भाऊ, नवा रोल आणा खिशांना," डावी म्हणाली.

मी धावतच गोदामात गेलो आणि रोल घेऊन आलो. पण बोळकांडीत आलो आणि पाय अडखळले. तिने भर कारखान्यात म्हटलं होतं, माझ्या हातून चुकलं. मी सोमवारपासून दुसऱ्यांना विचारत फिरत होतो, रोल कुणी ठेवला. मी खांद्यावरचा भार उतरवला आणि तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"ताई, एक सांगायचंय. मास्तर ज्या रोलला अडखळले, तो मी ठेवला होता. बोळकांडीत. साडूचा फोन होता." ती ऐकत होती. माझी जीभ जरा सैल झाली. "पण एका परीने बघा, तो रोल मी तिथे ठेवला नसता तर आज टेबल तुमच्याकडे आलंच नसतं. म्हणजे तुम्हाला मास्तर मीच केलं, असं म्हणायला…"

तिने चष्म्यावरून माझ्या खांद्यापलीकडे, बोळकांडीकडे पाहिलं.

"आधी तो रोल वाटेतून उचला."