टँकरच्या बोर्डावरचा बाण

"मॅडम, बाण कुठं गेला?"

विचारणारा भगवान नावाचा टँकर ड्रायव्हर होता. हात ग्रीसने काळे, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. मी नुकतीच साहेबांच्या केबिनमध्ये चहा पिऊन, स्वतःवर खूश होऊन बाहेर पडले होते. बाण मीच घालवला होता, आणि काम पूर्ण झाल्याचं पत्र सहीसाठी साहेबांच्या टेबलावर ठेवून आले होते. मला वाटलं, हा कौतुक करायला आलाय.

"दिसत नाही ना आता?" मी विचारलं.

"नाय ना दिसत! म्हणून तर माझा नंबर गेला."

आता थोडं मागे जाते.

शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. पावसाने लागोपाठ दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. इकडे वस्त्या-वाड्या कोरड्या, तिकडे शहर वाढतच चाललेलं. आमच्या गारखेड्यात बिल्डिंग आधी उभी राहायची आणि नळाला पाणी मग कधीतरी यायचं. सगळ्यांची भिस्त टँकरवर. बजाजनगरच्या पुढे टँकर भरायचं एक केंद्र होतं. तिथे रांगेवरून रोज बाचाबाची व्हायची, म्हणून तिथल्या साहेबांनी कॉम्प्युटरवर टोकन सिस्टिम करून घ्यायचं ठरवलं. ते काम आमच्या कंपनीला मिळालं. कंपनी म्हणजे गारखेड्यातल्या दोन खोल्या, चार माणसं आणि देशपांडे सर. एरवी आम्ही कारखान्यांसाठी हजेरी आणि गेटपासची सॉफ्टवेअर करायचो. पाण्याचं हे पहिलंच.

सिस्टिम मी लिहिली. सोपी होती. रिकामा झालेला टँकर परत निघाला की ड्रायव्हर फोन करून नंबर लावायचा. नंबरांची यादी भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर दिसायची. खिडकीत शबाना आपा बसायच्या. त्यांनी एंटर दाबलं की यादीतला सगळ्यात वरचा नंबर लाल व्हायचा, आणि व्हॉल्व्हवरचा माणूस लाल नंबरालाच पाणी सोडायचा. साहेबांची तशी सक्त ताकीद होती. नंबर लाल होऊन पाच मिनिटांत टँकर नळाखाली लागला नाही, तर तो आपोआप यादीच्या तळाशी जायचा. मागेपुढे करायची सोयच मी ठेवली नव्हती. "इथे कोणाचाही वशिला चालणार नाही," हे वाक्य मी प्रेझेंटेशनमध्ये छाती फुगवून म्हटलं होतं. साहेबांना ते फार आवडलं होतं.

बोर्डासाठी वेगळा कॉम्प्युटर मात्र त्यांनी घेतला नाही. आपांच्या टेबलावरच्या स्क्रीनवर जे दिसेल तेच वायर टाकून टीव्हीवर. त्यामुळे माऊसचा बाणही टीव्हीवर दिसायचा, चांगला तळहाताएवढा.

एक दिवस साहेबांचा फोन आला.

"जोशी मॅडम, चार दिवसांनी वरचे साहेब बघायला येणार आहेत. बोर्डावर मधेच तो बाण असतो. लग्नाच्या फोटोत मांडववाल्याचा हात आल्यासारखं दिसतं. तेवढा घालवा."

देशपांडे सरांनी विचारलं, "किती वेळ लागेल?"

"एका ओळीचं काम आहे सर."

"मग उद्या जाऊन बसवा आणि सही घेऊनच या. काम पूर्ण झाल्याचं पत्र फार दिवस लटकलंय."

बाण लपवायला खरोखर एकच हुकूम असतो, हाइड. परत दाखवायला शो. मी म्हटलं, अगदीच गायब नको, जरा शहाणपणा करू. माऊस पाच सेकंद हलला नाही तर बाण लपेल, हलवला की दिसेल. व्हिडिओ बघताना होतं तसं. ऑफिसात करून बघितलं. बाण गेला, मी लगेच माऊस हलवला, बाण आला. परत एकदा केलं, परत आला. दोनदा चाललं म्हणजे चाललं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता मी ते केंद्रावर बसवलं आणि साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन बसले. साहेब बारीकसारीक सगळं वाचल्याशिवाय सही करत नसत. दीड वाजला तरी पत्र पहिल्याच पानावर होतं.

आणि बाहेर आले तर भगवान.

"नंबर गेला म्हणजे काय?" मी विचारलं.

"पंक्चर झालं वाटेत. आपाला फोन केला, बाण ठिवा म्हणून. त्या व्हय म्हणल्या. येऊन बघतो तर नंबर पार खाली!"

मला यातलं अक्षर कळलं नाही. मी त्याला घेऊन खिडकीपाशी गेले. आपा एका हाताने फोन, दुसऱ्या हाताने माऊस टेबलावर घासत होत्या. बाणाचा पत्ता नव्हता.

"मॅडम, तुम क्या करके गए? ये तो मर गया. सकाळी एकदा दिसला, त्यानंतर आलाच नाही."

"बाण ठेवणं म्हणजे काय, आपा?"

'हिलाच माहीत नाही?' अशा नजरेने आपांनी माझ्याकडे बघितलं. मग समजावून सांगितलं. कोणाची गाडी वाटेत अडकली की तो फोन करायचा. आपा बाण त्याच्या नंबरावर नेऊन ठेवायच्या. बाण आहे म्हणजे नंबर राखलेला आहे, माणूस वाटेत आहे. मग आपा त्याला सोडून पुढच्याला बोलवायच्या. तो आला की आधी तो. रांगेतला एकही ड्रायव्हर त्यावर कुरकुर करत नव्हता, कारण पंक्चर आज याचं असतं, उद्या त्याचं. हे सगळं त्यांचं त्यांनी ठरवलं होतं. कुठल्याही मीटिंगमध्ये नाही, रांगेत उभं राहून.

"पण एंटरने तर वरचाच नंबर लाल होतो. त्याला सोडून पुढचा कसा बोलावता?"

"दो बार क्लिक करती मैं. जिसपे किया वो लाल होता."

कुठल्याही नंबरावर डबल क्लिक केलं की तो लाल, ही सोय मी टेस्टिंगपुरती ठेवली होती. काढायची विसरले होते. वशिला चालणार नाही म्हणून मिरवलेल्या माझ्या सिस्टिमचा मागचा दरवाजा उघडा होता, आणि आपांनी तो पहिल्याच आठवड्यात शोधला होता.

"मला सांगितलं का नाही?"

"कायकू बताना? तुम निकाल देते."

खरं होतं. मी नक्की काढलं असतं.

आज बाण दिसत नव्हता, म्हणून क्लिक कुठे करायचं ते आपांना कळेना. पंप चालू, रांगेत हॉर्न, थांबता येईना. त्यांनी एंटर दाबलं. भगवानचा नंबर लाल झाला, पाच मिनिटं गेली, तो तळाला गेला.

"चार वाजता लाइट जाते," भगवान म्हणाला. "लाइट गेली की पंप बंद. माझ्या पुढं एवढ्या गाड्या हायत, माझी पाळी येत नाय आज. मॅडम, लासूर स्टेशनच्या अलीकडं आमची मेंढपाळांची वस्ती हाय. माझीच माणसं हायत तिथं. काल सकाळपासनं टाकी कोरडी हाय. बाया शेजारच्या वस्तीवरून एक-एक हंडा मागून आणत्यात. पण मेंढरांनी कुणाकडं मागायचं?"

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो अगदी शांतपणे बोलत होता आणि मला लाज वाटत होती.

मी साहेबांच्या केबिनमध्ये परत गेले.

"सर, एक नंबर चुकून खाली गेलाय. वर घ्यायचा होता."

साहेबांनी पत्रावरून मान वर केली. "सिस्टिममध्ये मागेपुढे करता येत नाही. तुम्हीच सांगितलं होतं ना?"

"हो सर."

"मग?"

मी बाहेर येऊन आपांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर लॅपटॉप उघडला. वशिला नाही तर नाही, निदान स्वतःची चूक तरी निस्तरू.

चूक सापडायला पाच मिनिटं लागली. हाइड आणि शो यांची एक गंमत आहे. कॉम्प्युटर ते मोजत बसतो. दाराला एक कडी घातली तर एक काढावी लागते, दहा घातल्या तर दहा. माझा प्रोग्रॅम दर सेकंदाला बघायचा की माऊस हलला का, आणि नाही हलला तर दर वेळी नवीन हाइड द्यायचा. म्हणजे आधीच बंद असलेल्या दाराला दर सेकंदाला आणखी एक कडी. माऊस हलवला की शो मात्र मी शहाण्यासारखा एकदाच लिहिला होता. ऑफिसात मी बाण गेल्या गेल्या माऊस हलवत होते, त्यामुळे कडी एकच पडायची. इथे आपा फोनवर बोलत पाच-दहा मिनिटं माऊसला हातही लावायच्या नाहीत. तेवढ्या वेळात कड्याच कड्या.

'आधीच लपवला असेल तर परत लपवू नको' एवढी अट घातली. नवीन प्रोग्रॅम बसवायला चालू प्रोग्रॅम बंद करावा लागला. टीव्ही निळा झाला आणि रांगेतून एकदम आरडाओरडा झाला. मग यादी परत आली, आपांनी माऊस हलवला आणि पडद्यावर बाण उगवला.

"आला, आला!" बाहेर कोणीतरी ओरडलं. माझ्या कुठल्याही सॉफ्टवेअरचं असं स्वागत त्याआधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही.

आपांनी माइक घेतला. "भगवान का नंबर नीचे गया. पंक्चर था, फोन किया था उसने. आता आधी भगवान. कोणाला तकलीफ?"

रांगेत पहिला एक पांढऱ्या मिशांचा ड्रायव्हर होता. तो केबिनमधून वाकून म्हणाला, "इचारता काय आपा? बाण असता तर आम्ही काय उठवला असता व्हय? भरू द्या त्याला."

आपांनी दोनदा क्लिक केलं. भगवानचा नंबर लाल झाला. त्याने टँकर मागे घेतला तो एका दमात, नळाच्या बरोबर खाली. अडीचच्या आत तो भरून लासूरच्या रस्त्याला लागला. मी तो दिसेनासा होईपर्यंत बघत उभी राहिले. डोळे भरून आले, ते कोणी बघितलं नाही.

चार वाजता लाइट गेली. रांगेतला शेवटचा टँकर रिकामा राहिला. तो होता गारखेड्याचा, आमच्याच बिल्डिंगचा. घरी गेल्यावर सासूबाईंनी विचारलं, "आज टँकर का नाही आला गं?"

"रांग मोठी होती," मी म्हटलं आणि अर्ध्या बादलीत हातपाय धुतले.

पण काम संपलं नव्हतं. बाण परत येत होता हे खरं, पण पाच सेकंदांनी लपतही होता. मी निघतानाच आपांनी ते दाखवलं होतं.

"पाच सेकंद में पंक्चर निकलता क्या, मॅडम?"

साहेबांना बाण नको, ड्रायव्हरांना हवा. दुसऱ्या दिवशी मी केबिनऐवजी खिडकीत बसले, आपांच्या शेजारी स्टुलावर. दोन तास नुसतं बघितलं. मग नवीन सोय लिहिली. वर-खालीच्या बटणांनी नंबर निवडायचा, एक बटण दाबलं की तो राखीव. राखीव नंबर तळाला जाणार नाही, एंटरने त्याच्या पुढचा लाल होईल. गाडी आली की खूण काढायची, मग पुढचा नंबर त्याचाच. माऊसची गरजच नाही. माऊसचा बाण कायमचा हाइड, एकदाच, एका कडीत. टेस्टिंगचा तो मागचा दरवाजाही बंद केला, पण या वेळी आपांना विचारून.

साहेबांना हे सगळं सांगितलं. ते "हं" म्हणाले.

राहिला प्रश्न राखीव नंबरापुढे खूण कुठली दाखवायची. मी आपांना पिवळी पट्टी दाखवली, गोल टिकली दाखवली, 'राखीव' अशी अक्षरं दाखवली.

"नक्को," आपा म्हणाल्या. "बाणच ठेवा. सबकू वहीच समझता."

मग मी तसाच बाण रंगवला. पांढरा, काळ्या कडेचा, तिरका, तळहाताएवढा.

वरचे साहेब ठरल्या दिवशी आले. हात मागे बांधून बोर्डासमोर उभे राहिले. मी एका बाजूला, पत्र हातात.

"हा बाण कशाचा?" त्यांनी विचारलं.

आमच्या साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मग घसा साफ केला. "सर, वाटेत अडकलेल्या टँकरचा नंबर त्याने राखून ठेवता येतो. मीच करून घेतली ही सोय."

"छान," वरचे साहेब म्हणाले. "लोकांचा विचार केलाय."

ते गेल्यावर साहेबांनी माझ्या हातातलं पत्र घेतलं. या वेळी त्यांनी ते वाचलं नाही. पत्रात तिसरं वाक्य होतं, 'स्क्रीनवरील माऊसचा बाण हटवण्यात आला आहे.' त्याखाली त्यांनी झोकदार सही केली. त्यांच्या डोक्याच्या बरोबर वर, टीव्हीवर, बाण भगवानच्या नंबरापुढे उभा होता. त्या दिवशी त्याचा क्लच गेला होता. रांग त्याला सोडून पुढे सरकत होती आणि कोणी हॉर्न वाजवत नव्हतं.

बाण लपवायला एक ओळ पुरते, हे मी देशपांडे सरांना सांगितलं होतं ते खोटं नव्हतं. फक्त ती लिहिण्याआधी खिडकीत दोन तास बसावं लागतं. तेव्हापासून मी कोटेशनमध्ये ते दोन तास आधीच धरते. ते कशासाठी, हे कोणी विचारलं तर स्टुलासाठी म्हणून सांगते.