मोहाखालची अस्वलीण

दहावीची परीक्षा संपली आणि बाबांनी मला गडचिरोलीच्या जंगलातल्या एका गावी, आत्याकडे नेऊन सोडलं. आमच्या सावली गावात, घरी, मी दिवसभर रील पाहायची, स्वतःचे टाकायची. लाइक कमी आले की जेवायची नाही. एकदा बाबांनी मोबाइल हिसकावला, तर मी त्यांच्या हाताला कडकडून चावले होते. त्याची लाज फार उशिरा वाटली.

आत्याच्या गावात रेंज नव्हती, म्हणूनच बाबांनी मोबाइल सोबत नेऊ दिला. पण टेकाडावर रेंज येते, हे मला तिसऱ्याच दिवशी कळलं. चौथ्या दिवशी उजाडताना आत्या तिकडे मोहफुलं वेचायला निघाली, तशी मीही टोपली उचलली. बिचारी खूश झाली.

वर पोचताच मी टोपली टाकली आणि स्क्रीनकडे बघत पुढे पुढे चालले. एकाएकी आत्यानं मागून माझं मनगट धरलं.

"हालू नोको," ती अगदी हळू म्हणाली.

मी मान वर केली. वीसेक पावलांवर, मोहाखाली, अस्वलीण फुलं खात होती. तिच्या श्वासानं पाचोळा उडत होता. पाठीवर दोन पिल्लं, काळे केस मुठीत धरून बसलेली. एक चक्क पेंगत होतं. माझी नजर हलेना. मोबाइल हातात होता, पण फोटो काढायचं सुचलंच नाही.

अस्वलिणीनं आमच्याकडे पाहिलं. आत्या माझ्यापुढे सरकली आणि गोंडीत काहीबाही बोलू लागली, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाशी बोलावं तशी. अस्वलीण क्षणभर थांबली, वळली आणि पिल्लांना घेऊन झुडपात गेली.

आत्या मटकन खाली बसली. "तुले दिसली नाई?"

"नाई."

"अन् आवाज? वास?"

"काहीच नाई."

तिला राग आला नाही, नवल वाटलं. "एवढी मोठी अस्वल, पोरी!"

पुढचे दहा दिवस मी आत्याच्या मागेमागे फिरले. ती कान टवकारून थांबली की मी विचारायची, "काय आयकून राह्यली?" ती सांगायची, आणि हळूहळू मलाही ऐकू यायला लागलं.

सवय मात्र तेवढ्यानं सुटली नाही. सावलीला परतल्यावर आठवडाभरात पुन्हा तेच सुरू झालं. मग एके दिवशी मीच बाबांना म्हटलं, "बाबा, माह्यानं एकटीनं नाई होत." तेव्हापासून रोज संध्याकाळी मोबाइल त्यांच्याकडे द्यायचा, असं आम्ही ठरवलं.