काकूंच्या टोमॅटोवरचा करपा

मला मिरवायची हौस फार. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं समजायला सोपं जाईल. दिल्लीत आम्ही सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो, तिसऱ्या मजल्यावर, आणि तळमजल्यावरच्या लोकांच्या बागा वरून बघत मी कितीतरी वर्षं मनातल्या मनात जळत काढली. मग कधीतरी कॉलनीच्या मागे, बंद पडलेल्या पाण्याच्या टाकीलगतची जागा वरच्या मजल्यांवरच्या घरांना भाजी लावायला द्यायचं ठरलं. चिठ्ठ्या टाकल्या आणि माझी चिठ्ठी निघाली. ऑफिसातून हाफ-डे घेऊन मी जागा बघायला धावले, तर चार खाटा मावतील एवढी पट्टी आणि तिच्यात निम्म्या विटा. तरी मी दोन दिवस हवेत होते.

शेजारची पट्टी काकांकडे आली. काका म्हणजे कॉलनीतले आमच्यासारखेच मराठी. ते रिटायर होऊन मुलाच्या क्वार्टरमध्ये राहत होते. चाळीस वर्षं दिल्लीत काढल्यामुळे त्यांच्या मराठीत दर वाक्याला एक ‘अच्छा’ आणि एक ‘बिल्कुल’ असायचं. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. त्या होत्या तोवर बाल्कनीत तेलाच्या डब्यांत टोमॅटो लावायच्या. त्यांच्या माहेरचा, जळगावकडचा जुना टोमॅटो. चपटा, अंगावर चिरा पडलेला, साल इतकी पातळ की पिशवीतून घरी आणेपर्यंत फुटायचा. दिसायला अगदीच गबाळा, पण त्याचं सार एकदा प्यायलं की बाजारच्या टोमॅटोचं सार पाणी वाटायचं. काकूंच्या भावाने शेतात केळी लावल्यापासून तिकडे तो कुणाकडेच उरला नव्हता. जे काही बी होतं ते फक्त काकांकडे, आणि काकांना बी राखून ठेवायची सवय नव्हती. दरवर्षी चार फळांचं बी काढायचं आणि पुढच्या वर्षी झाडून सगळं पेरायचं. त्या साली त्या टोमॅटोची जगात असलेली सगळी झाडं, एकूण बारा, काकांच्या पट्टीत उभी होती. मला हे माहीत होतं, कारण काकांनीच ते मला एकदा मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं.

माझ्याकडे त्या हिवाळ्यात पाच प्रकारचे टोमॅटो होते. ऑफिसातलं कुणी टूरवर निघालं की मी बियांची फर्माईश करायची. एक द्राक्षांसारखा घोसात लागणारा, एक पिवळाधमक, एक अंड्यासारखा लांबट, एक काळपट लाल आणि एक नेहमीचा गोल, न रुसणारा. नवरा म्हणायचा, “खाणारे आपण तीन जण, प्रदर्शन कशाला मांडलंयस?” प्रदर्शनच मांडायचं होतं, त्यामुळे त्याच्या बोलण्याचा मला राग यायचा. एका कोपऱ्यात मी घरातले कोंब फुटलेले बटाटेही पुरले होते. बटाटा आणि टोमॅटो एकाच घराण्यातले आणि एकाचं दुखणं दुसऱ्याला लागतं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. मीही कुणाला विचारलं नव्हतं.

जानेवारीत धुकं बसलं. आठवडाभर ऊन नाही, पानं दुपारपर्यंत ओली. आधी बटाट्याचा पाला काळा पडला. थंडीने असेल म्हणून मी सोडून दिलं. मग शुक्रवारी काळपट टोमॅटोच्या पानांवर तेल सांडल्यासारखे डाग दिसले. पान उलटलं तर खाली पांढरी बुरशी. कॉलनीचा माळी तिथेच काम करत होता. त्याने लांबूनच पाहिलं आणि म्हणाला, “झुलसा है बीबीजी. आज ही उखाड़ दो, नहीं तो सबका जाएगा.” झुलसा म्हणजे आपला करपा. मी त्याला म्हटलं, सोमवारी बघू.

सोमवारी, कारण रविवारी माझं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. दिल्लीभरच्या ओळखीच्या मराठी बायका येणार होत्या. करोल बागेतून, मुनिरक्यातून, हिंदूराव हॉस्पिटलच्या मागून, धुक्यात ऑटो शोधत. दरवर्षी कुणी प्लास्टिकचे डबे लुटतं, कुणी चाळण्या. मी त्या वर्षी वाण म्हणून टोमॅटोची रोपं लुटायचं ठरवलं होतं. फेब्रुवारीत लावायला म्हणून पट्टीच्या कडेलाच मी ती वाढवली होती आणि प्रत्येक रोप कागदी पेल्यात बसवून त्याला हळदीकुंकवाचं बोट लावून ठेवलं होतं. झाडं उपटली असती तर पट्टी उघडीबोडकी दिसली असती, आणि मग मी दाखवणार काय होते?

हळदीकुंकू झकास झालं. तिळगूळ झाला, उखाणे झाले, आणि मग मी सगळ्यांना खाली पट्टी बघायला नेलं. बायका साड्या सावरत ओल्या झाडांमधून फिरल्या, पानांना हात लावून बघितलं, माझ्या पट्टीतून काकांच्या पट्टीत गेल्या, तिथेही पानं चाचपली. काका कौतुकाने त्यांना चिरांचा टोमॅटो दाखवत होते. डाग पडलेली पानं मी सकाळीच खुडून टाकली होती, त्यामुळे कुणाला काही दिसलं नाही. मी खूप खूश होते.

बुधवारी काकांनी मला जिन्यात गाठलं. “अगं, माझ्या पानांवर डाग आलेत. पाला पडला असेल का?” हा पाला हिंदीतला, म्हणजे थंडीत गोठून पडणारं दव.

तोंडाशी आलेलं मी गिळलं. “असेल,” म्हटलं.

या एका शब्दाची मला अजून लाज वाटते. शुक्रवारचा आळस मी एक वेळ माफ करीन. पण थंडीचा पाला समजून काकांनी त्या संध्याकाळी झाडांवर प्लास्टिक पांघरलं, कडा विटांनी दाबल्या, आणि आत ती ओल कोंडून राहिली. शनिवारी प्लास्टिक काढलं तेव्हा खोडांवर तपकिरी पट्टे चढले होते आणि खालची पानं शिजवल्यासारखी लोंबत होती. काका बसायचा वेताचा मोडा घेऊन झाडांसमोर बसले होते. मी जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं.

काकांनी एक लोंबणारं पान उलटून बघितलं. मग म्हणाले, “तुला कधी कळलं?”

“शुक्रवारी. मागच्या.”

“आणि हळदीकुंकू रविवारी.”

“हो, काका.”

त्यांनी मान हलवली. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते उठले, पायजम्याला लागलेली माती झटकली आणि म्हणाले, “अच्छा. आधी हिरवे तोड. डाग नसलेले बघून तोड.”

आम्ही तोडले. माझे तोडायच्या भानगडीत मी पडलेच नाही. माझी पाचही प्रकारची झाडं उपटून माळ्याच्या खड्ड्यात टाकताना मला काडीचं दुःख झालं नाही. काकांची बारा झाडं त्यांनी स्वतः उपटली, एकेक करून, मला हात लावू दिला नाही. शेवटच्या झाडापाशी ते बराच वेळ थांबले. मी विटा गोळा करायला गेले, कारण मला तिथे उभं राहवेना.

संध्याकाळी वाण नेलेल्या बायकांना एकेक करून फोन केले. रोपाला रोग आहे, फेकून दे, जवळ दुसरी झाडं असतील तर नक्की फेक. करोल बागेतली म्हणाली, “अगं, वाण कसं फेकायचं? सौभाग्याचं असतं.” मुनिरक्यातलीने तर ते देवाजवळ ठेवलं होतं. सौभाग्य म्हटल्यावर माझ्या कुठल्याही शास्त्रापुढे त्या हलायला तयार नव्हत्या. माझी ऑफिसातली मैत्रीण तेवढी, ख्रिश्चन, मूळची नगरची, दरवर्षी हौसेने हळदीकुंकवाला येणारी, एका वाक्यात म्हणाली, “टाकलं, यार. पण पुढच्या वर्षी चाळणी दे.” त्या दिवसात मी तेवढंच एकदा हसले.

तोडलेले हिरवे टोमॅटो एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळले. निम्मे काकांच्या घरी आणि निम्मे माझ्या घरी, स्वयंपाकघरातल्या फळीवर, जिथे जरा ऊब असायची. रोज सकाळी काका तीन जिने चढून यायचे आणि आम्ही दोघं कागद उलगडून बघायचो. जो उलगडावा त्याच्यावर तपकिरी, कडक चट्टा. तो काढून टाकायचा, बाकीचे पुन्हा गुंडाळायचे. माझी मुलगी शाळेला निघता निघता विचारायची, “आज किती वाचले?” आकडा रोज कमी व्हायचा. काका जाताना “चलो, कल देखते हैं,” म्हणायचे, आणि जिना उतरताना कठडा धरायचे. मला वाटायचं, काकूंनंतर हा माणूस दुसऱ्यांदा तेच बघतोय आणि या वेळी ते मी दाखवतेय. रात्री नवऱ्याजवळ मी हे बोलले तर तो म्हणाला, “मग त्यांना येऊ नका म्हण.” ते मला जमणार नव्हतं आणि काकांनाही चाललं नसतं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला ऊन परतलं. फळीवर तीन टोमॅटो लाल झाले, काकांच्या घरी एक. चारच, तेही सुरकुतलेले. काकांनी माझ्या ओट्यापाशी उभं राहून ते कापले. गर पेल्यात काढला, थोडं पाणी घालून तीन दिवस झाकून ठेवला, मग वरचा फेस ओतून बिया धुतल्या आणि बशीत पसरल्या. काकू असंच करायच्या, म्हणाले. मी बाजूला उभी होते. हातात फडकं होतं, पण पुसायला काहीच नव्हतं.

बिया वाळल्यावर त्यांनी बोटाने त्यांचे दोन भाग केले. एक भाग स्वतःच्या पाकिटात भरला. दुसरा ऑफिसच्या जुन्या पिवळ्या पाकिटात भरून, वर पेनने काहीतरी लिहून माझ्यापुढे धरला.

“काका, माझ्याकडे नको,” मी म्हटलं. “माझ्यामुळेच तर गेलं सगळं.”

“म्हणूनच. तू आता डाग ओळखतेस,” ते म्हणाले. “आणि सगळं एकाच ठिकाणी ठेवलं, ती चूक माझी होती. सगळं पेरू नकोस. थोडं ठेव.”

पाकीट घेताना मी वरची अक्षरं वाचली. टोमॅटोचं नाव असेल असं मला वाटलं होतं. तिथे एका बाईचं नाव होतं, माहेरच्या आडनावासकट. इतकी वर्षं त्यांचं सार पीत होते, सुखदुःखाला त्यांच्याकडे जात होते, पण काकूंचं नाव मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.