आम्ही पुलाचा दगड वर आणला

परवा गावी गेले आणि आमच्याच पुलाखाली पार गोंधळून उभी राहिले...

पोलादपूरपासून आत, वहाळावर आमच्या गावाचा जुना दगडी पूल आहे. त्याच्या मधल्या खांबात, बराच खाली एक कोरीव दगड होता. पूल कुणी बांधला, कधी बांधला ते त्यावर लिहिलेलं. मी महाडला शाळेत इतिहास शिकवते, त्यामुळे असा दगड चिखलाने माखून राहिलेला मला काही बघवेना.

गेल्या उन्हाळ्यात गावातल्या मंडळींच्या मागे लागून तो काढून घेतला. गवंड्याने दगडाच्या रिकाम्या खाचेसकट अख्ख्या खांबाला गिलावा केला. वर रस्त्याकडेला दगडासाठी चौथरा, स्टीलचं रेलिंग, माहितीची पाटी... सगळं कसं झोकात! फोटो तुम्ही पाहिलेच आहेत.

तर परवा दिवाळीच्या सुट्टीत पुलाखाली शेवंताकाकी भेटल्या. वहाळाकाठी खालच्या आळीत त्यांचं घर, दारात गुरं. मला वाटलं, आता कौतुक करतील. त्यांनी विचारलं, "बाय, तो दगड खाली कवा लावणार गो?"

मला कळेचना. देव समजून पुजत होत्या की काय? म्हटलं, काकी, वर येऊन फूल वाहा की. तर हसल्या. "तो काय द्येव हाय?" मग मी सांगितलं, खाली तो कुणाला वाचताच येत नव्हता. "वाचायचा कशाला?" आता मात्र माझं डोकंच चालेना.

शेवटी त्यांनीच हात धरून मला आपल्या पडवीत नेलं. समोर तो खांब. "पाणी दगडाला लागलं का दावी सोडायची न् गुरं माळाव न्यायची. माज्या सासूनं दाखवलेलं. आता पावसात हितून बघते, तर खांब नुसता सपाट. कळायचं कसं?"

मी मोबाईलमधले जुने फोटो काढले, म्हटलं निदान जागा तरी सापडेल. ढीगभर फोटो होते... सगळे अक्षरांचे, एकेक वेलांटी जवळून टिपलेली. दगड पाण्यापासून किती उंच होता ते एकातही दिसत नव्हतं. काढताना उंची आम्ही कुणीच मोजली नव्हती.

शेजारून शिडी आणि लाल ऑइलपेंट आणला. मी शिडीवर, काकी पडवीतून हाताने खुणा करतायत... वर, अजून वर, थोडं खाली. दोनदा पुसायला लावलं. तिसऱ्यांदा त्यांनी मान डोलावली आणि मी जाड पट्टा ओढला.

मग काकींनी चहा केला. गोठ्यात एक खुंटा मोकळा दिसला म्हणून मी सहज विचारलं.

"यंदा कालवड ग्येली. सोडायला उशीर झाला," एवढंच म्हणाल्या आणि माझ्या कपातली साखर ढवळत राहिल्या.

मला रडू फुटलं, पण माफी मागायला तोंड उघडेना. तशीच उठून महाडची एसटी धरली. दोन दिवस डोक्यात तेच चाललंय... एवढं सोसून या बाईने मला चहा कसा दिला, एका शब्दाने बोल कसा लावला नाही? खरंच कळत नाही.

काकी फेसबुकवर नाहीत, त्यांची सून आहे. वहिनी, एवढं त्यांना वाचून दाखवा... काकी, चुकलं माझं. दगडाला हात लावण्याआधी एकदा तुमच्या पडवीत येऊन बसायला हवं होतं.