रिकाम्या पंपाचं पाणी

डेरेकने मला फसवलं. जुनी बोट विकताना त्याने इंजिनाचा एक भाग काढून स्वतःकडे ठेवला आणि मला पत्ता लागू दिला नाही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुम्ही मूळ मुद्दा विसराल.

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. माझा विश्वास वॉरंटी कार्डावर. सोलापूरहून फिटर म्हणून सिंगापूरच्या शिपयार्डात आलो, आज बुकित बातोकला माझं स्वतःचं पंपांचं दुकान आहे. पंपाच्या बाबतीत मला कोणी टोपी घालू शकत नाही, असं मी गेल्या ऑगस्टपर्यंत समजत होतो.

बोट लहान, लाकडी, डिझेलवर चालणारी. असलं इंजिन समुद्राच्या पाण्याने थंड होतं. बोटीच्या बुडातून पाणी आत येतं, पंप ते पुढे ढकलतो आणि मागच्या एक्झॉस्टमधून ते धुराबरोबर बाहेर पडतं. पंपाच्या पोटात रबरी पाकळ्यांची चकती फिरते, तिला इम्पेलर म्हणतात. ती नसेल तर पाणी जागचं हलत नाही.

सौदा करताना डेरेकने पंप उघडून दाखवला. "ब्रँड न्यू इम्पेलर, बॉस." नवीनच होता. पाकळ्या सरळ, ताठ, मलाही दिसत होतं. पण घासाघीस ती घासाघीस! मी म्हटलं, "रबर कडक झालंय. मी माझ्या दुकानातला टाकीन. याचे पैसे धरू नकोस." अर्धा तास जुंपली आमची. शेवटी तो लालबुंद होऊन "ओके, ओके लाह!" म्हणाला. मी हात मिळवला आणि घरी येताना त्याचा नंबर ब्लॉक केला. सौदा झाला की समोरचा रडगाणं गायला लागतो, म्हणून हे मी नेहमीच करतो. इम्पेलर बदलायचा प्रश्नच नव्हता... नवाकोरा होता की!

पहिली फेरी नारळी पौर्णिमेला. माझी बायको सुनंदा गुहागरची. तिचा हट्ट -- दर्याला नारळ द्यायचा. आमची सोळा वर्षांची इरा फोन घेऊन मागे बसली.

सकाळी नऊला इंजिन सुरूच होईना. स्टार्टर फिरतोय, पांढरा धूर येतोय, पण पकडत नाही. हीटर प्लग जास्त वेळ तापवले, डिझेलच्या लाइनमध्ये अडकलेली एअर काढली, बोटं सोलवटली... एकदाचं धडधडलं! त्या आनंदात मी दोर सोडला. एक्झॉस्टमधून पाणी येतंय का, ते पाहिलं नाही. पंप विकणाऱ्या माणसाने!

दहा मिनिटांत तापमानाचा काटा लाल पट्ट्यात आणि अलार्म सुरू. इंजिन बंद केलं. बुडातून पाणी आत घेणारा कॉक उघडा होता, पाण्याची जाळी स्वच्छ, बेल्ट ताठ. मग उरला पंप. झाकणाच्या एका स्क्रूची खाच गेलेली, माझा स्क्रू ड्रायव्हर नुसता गरगर फिरतोय. नांगर टाकला, तो धरेना. आणि प्रवाह आम्हाला थेट मोठ्या जहाजांच्या वाटेवर घेऊन चाललेला.

"पपा, दॅट शिप इज कमिंग लेह..."

वर पाहिलं. मालवाहू जहाज. पाच वेळा भोंगा वाजवला त्याने. रेडिओवर ओरडलो, तर उत्तर आलं -- आम्हाला वळता येत नाही, तुम्ही बाजूला व्हा.

सुनंदाने पिशवीतून नारळ काढला.

"अगं, पाणी पंपाने चढतं, नारळाने नाही!"

"मग चढवा ना पंपाने! दुकान आहे ना तुमचं?"

तिने हळद-कुंकू लावून नारळ पाण्यात सोडला. मी ठरवलं, जळू दे इंजिन. दोन मिनिटं चाललं तरी जहाजासमोरून बाजूला होऊ. किल्ली फिरवली. सकाळी तासभर छळणारं इंजिन एका फटक्यात सुरू!

"पपा! वॉटर! सो मच वॉटर!" इरा मागून किंचाळली.

एक्झॉस्टमधून पाणी धबाधबा पडत होतं. काटा डोळ्यांदेखत खाली आला. जहाज इतकं जवळून गेलं की त्याच्या पत्र्यावरचा गंज दिसला. जेटीपर्यंत पंचवीस मिनिटं, काटा जागचा हलला नाही. इराने फोनवर काढलेला व्हिडिओ आहे!

जेटीवर कॉक बंद केला, शेजारच्या बोटवाल्याकडून धड स्क्रू ड्रायव्हर आणला, झाकण काढलं.

आत काही नाही. नुसता चकचकीत शाफ्ट. पाकळ्या तुटून पाइपात गेल्या म्हणावं, तर सगळे पाइप उपसले, रबराचा कण नाही.

दुसऱ्या दिवशी हार्बरफ्रंटला डेरेकच्या ऑफिसात घुसलो. नववा मजला.

"चोरा! माझा इम्पेलर कुठाय?"

"तुझा? पैसे दिलेस तू त्याचे? तू गेलास आणि मी लगेच काढला. मेसेज पण केला, बॉस. एकच टिक! तू ब्लॉक करतोस, मी काय करणार?"

"त्याच्याशिवाय पंचवीस मिनिटं बोट चालवलीय मी!"

"कॅनॉट. इंजिन खलास होईल."

व्हिडिओ दाखवला. त्याने तो दोनदा पाहिला. मग "हा घे तुझा इम्पेलर, जा" म्हणत त्याने खालचा ड्रॉवर ओढला... आणि पाणी आमच्या बुटांवर आलं.

ड्रॉवर काठोकाठ भरलेला. वर कागद तरंगतायत. मी बोट बुडवून जिभेला लावलं. खारट! तळाशी प्लास्टिकची पिशवी, सीलबंद, आत इम्पेलर. पिशवी मीच फाडली. माझा धंदाच आहे हा. रबर चाललेलं की न चाललेलं, ते मला बोटाला कळतं. सगळ्या पाकळ्या एकाच दिशेला वाकलेल्या. फिरल्याशिवाय त्या तशा वाकत नाहीत.

डेरेक भिंतीला टेकून उभा होता. म्हणाला, "यू डिड दिस." मी त्याला इम्पेलरची पूर्ण किंमत देऊ केली, घासाघीस न करता, आयुष्यात पहिल्यांदा. घेईना. "टेक इट. गो." आता तो मला भिजलेल्या कागदांचा जाब विचारतो. मी कसला जाब देणार? त्या ऑफिसात मी आधी कधी पाऊलही टाकलं नव्हतं.

खुलासा माझ्याकडे नाही. इंजिनं दुरुस्त करणाऱ्या चौघांना विचारलं, चौघेही म्हणाले, अशक्य. सुनंदा फक्त एवढंच विचारते, "इम्पेलरचे पैसे धरू नकोस, असं कोण म्हणालं होतं?" मी दुकानात निघून जातो.

पण डेरेक, उत्तर तू द्यायचंस. रिकामा पंप देऊन माझ्या बायको-पोरीला जहाजासमोर तू सोडलंस, हे सगळ्यांसमोर कबूल कर. आणि तुझ्या बंद ड्रॉवरमध्ये ती चकती कोणी फिरवली, तेही सांग!