अण्णांच्या खोक्याला वेलीचं नाव

"नाव बदला, न्हाईतर माल माझ्या गाळ्यातनं हलायचा न्हाई!" अण्णा म्हणाले आणि खुर्चीतून उठले.

तुर्भ्याच्या फळबाजारातला, नव्वदच्या दशकातला हा प्रसंग. मी स्पॅनिशचा इंटरप्रिटर, म्हणजे मधे बसून एकाचं बोलणं दुसऱ्याच्या भाषेत सांगणारा. अण्णा तासगावचे व्यापारी, गळ्यात तुळशीची माळ. द्राक्षांची ही त्यांची पहिलीच एक्स्पोर्ट ऑर्डर. समोर स्पेनचा खरेदीदार, मातेओ. थोड्या वेळापूर्वी त्याने खोक्यांवर छापायला नाव सुचवलं होतं, 'विन्या'.

"विन्या? हा तर माझा मेव्हणा!" अण्णा खूश झाले होते. "अर्थ काय?"

"द्राक्षबाग."

"झकास! छापा."

इथे मी थांबायला हवं होतं. पण अर्धवट सांगितलं की मला झोप लागत नाही. म्हणालो, "अण्णा, स्पॅनिशसारख्या भाषांची आई लॅटिन. तिच्यात विनुम म्हणजे वाइन. त्यावरून बागेचं नाव पडलं. फ्रेंच, इटालियन, पोर्तुगीज, सगळीकडे तेच."

"म्हंजे दारू आधी आन् बाग मागनं?"

"शब्दात तरी तसंच."

म्हणून अण्णा उठले. छापखान्याचा माणूस दारात ताटकळत होता. काय झालं ते मी मातेओला सांगितलं. तो इतका हसला की चहा शर्टावर सांडला. मला मात्र हसू येईना. खरं बोलून मी एका भल्या माणसाचा धंदा बुडवत होतो.

मग एकदम आठवलं. "अण्णा, अजून एक शब्द आहे, पार्रा. मांडवावर चढवलेली वेल. मूळ नक्की ठाऊक नाही, पण कुंपणाच्या कुठल्याशा जुन्या शब्दावरून आला असावा म्हणतात."

"दारूचा थेंब?"

"एकही नाही."

"मांडव आन् कुंपण! आवं मास्तर, ही तर आमचीच बाग. आधी का बोलला न्हाई?"

मातेओने टाळी दिली. त्याच्या आईच्या अंगणात पार्राच होती.

खोकी छापली, कंटेनर गेला. वाशीच्या हॉटेलात अण्णांनी पार्टी दिली आणि व्हिनेगरमधल्या कांद्यावर ताव मारला. मला राहवेना.

"अण्णा, व्हिनेगर हा मूळचा फ्रेंच शब्द. आंबट वाइन."

अण्णांचा घास थांबला. "आंबली म्हंजे दारूचं वाटोळंच झालं न्हवं?"

"झालंच."

"मग वाढा अजून!"

शब्दाचं मूळ मी सांगू शकतो. गिऱ्हाईक कुठल्या मुळाशी अडेल आणि कुठलं चावून खाईल, ते कुठल्याच कोशात सापडत नाही.