मला रूपक दिलं नाही

"तुला संज्ञा कशाला? तुमच्या लोकांकडे अनुभव असतो. तू तोच सांग."

सर हसत म्हणाले. भर वर्गात. बुलढाण्याचं कॉलेज, बीए मराठीचं शेवटचं वर्ष, सेमिनारसाठी साहित्यातल्या संज्ञा वाटणं चाललेलं. कुणाला रूपक दिलं, कुणाला प्रतिमा, कुणाला निवेदक. मला म्हणाले, विहिरीचं सांग, आजीचं सांग, मुलांना कळू दे. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. वर्गात बौद्ध वस्तीतली मी एकटीच.

आमच्या घरी नळ आहे. हे मी म्हणाले नाही. मान हलवली आणि खाली बसले. त्या मान हलवण्याची चीड गावी, धाडला जाणाऱ्या एसटीत घर येईपर्यंत गेली नाही. रूपक मला येत होतं. पण ते मला कधी विचारलंच नाही. वेदना, विद्रोह असं काही आलं की मात्र, तू उभी राहा. म्हणजे बाकीच्यांनी कविता वाचायची आणि मी तिच्यातलं दुःख होऊन उभं राहायचं?

कॉलेजच्या वार्षिकांकात सरांचीच एक कविता होती. कापूस वेचणाऱ्या बाईवर. आई हंगामात वेचणीला जाते, वाळक्या बोंडांनी तिची बोटं सोलून निघतात. तिला ती वाचून दाखवली. बाईच्या बोटांवर रक्ताची माणकं चमकतात, अशी ओळ होती. आईनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग त्या बाईनं बोटाले काही लावलं का नाही?"

मी कविता पुन्हा पाहिली. त्यात तसं काही नव्हतं.

सेमिनारच्या दिवशी फळ्यावर लिहिलं, निवेदक. मग सरांची ती कविता वाचली. सर म्हणाले, अगं, अनुभव सांगायचा होता. मी बोलू लागले. या कवितेतला निवेदक बांधावर उभा आहे. बाई खाली वाकलेली आहे. तिच्या तोंडी एकही ओळ नाही. रक्ताला माणिक म्हणणं हे रूपक आहे आणि ते बांधावरूनच सुचतं.

"खाली बस," सर म्हणाले. "हे वैयक्तिक होतंय."

"नाही सर. तुमीच शिकवलं, कवी येगळा अन् निवेदक येगळा. मी निवेदकाबद्दल बोलून राह्यली."

मागून कुणीतरी माझ्या बोलीला हसलं. हसू दे. मी सगळं बोलून मगच बसले.

अंतर्गत गुण कमी पडले. सर आता माझ्याकडे बघत नाहीत. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? एमएलाही तेच शिकवायला आहेत. तरी एमए मराठीतच करणार, याच कॉलेजात, पहिल्या बाकावर बसून. माझा अनुभव सांगायचा की नाही, ते मी ठरवीन. सांगितला, तर त्याचा अर्थही मीच लावीन. आणि माझ्या आईवर यापुढे कुणी कविता वाचली, तर तो कुठे उभा राहून बोलतोय, हे मी त्याला भर सभेत विचारणार आहे.